चिखलावर फेकलेला डबा

आमच्या किनाऱ्यावर ते यंत्र आलं तेव्हा मी लग्नाच्या वयाची होते, अंगानं धडधाकट आणि तोंडानं त्याहून. सकाळी लालबागच्या बाजारात मासळी विकायची, दुपारी घरी येऊन जाळी विणायची, असा माझा दिवस. रे रोडच्या लाकडाच्या वखारी जिथं संपतात त्याच्या पलीकडे आमचा कोळीवाडा. समोर खाडी, आणि ओहोटी लागली की नजर पोचेल तिथवर चिखल. वखारींना लाकडानं भरलेले पडाव थेट दारात यायला हवे होते, म्हणून खाडीत खोल वाट खणायचं ठरलं. कुणी ठरवलं ते आम्हांला कुणी विचारलं नाही आणि सांगितलंही नाही. एका सकाळी बघतो तर यंत्र काठावर उभं.

ड्रॅगलाइन म्हणत त्याला. चिखलात माणूस उभा राहत नाही, तिथं एवढं लोखंड काय उभं राहणार, असं म्हणून आम्ही बायका हसलो होतो. पण ते चिखलात शिरलंच नाही. काठावर जाड ओंडके अंथरून त्यावर बसलं आणि लांबूनच काम करू लागलं. पुढं लोखंडी जाळीचा उंच दांडा आणि त्याच्या टोकावरून लोंबणारा दात असलेला डबा. आमच्या घरातली चूल, मांडणी आणि आई, तिघी त्यात मावल्या असत्या. डब्याच्या साखळ्यांना दोन दोर. एक दांड्याच्या टोकावरून येऊन त्याला उचलणारा, दुसरा यंत्राच्या पोटातून निघून त्याला ओढणारा. ड्रायव्हर डबा आधी आपल्याकडे खेचून घ्यायचा आणि एकदम सोडून द्यायचा. झोक्यासरशी डबा दांड्याच्याही पुढं जाऊन थप्पकन पडायचा. मग ओढायचा दोर ताणला की दात रुतायचे आणि डबा चिखल खात खात काठाकडे यायचा. भरला की वर. यंत्र कमरेत वळायचं, ओढदोर ढिला व्हायचा आणि डबा तोंड खाली करून सगळं ओतायचा. मी मासळीची पाटी डोक्यावर घेऊन तिथं तोंड उघडं टाकून उभी राहायची, आणि आई घरून हाका मारून दमायची.

बाबांना यंत्राचा राग होता. खाडी ढवळली की चिंबोऱ्या जातात, निवट्या जातात, हे त्यांचं पालुपद. तरी दोन दिवस ते वाळत घातलेल्या जाळ्यापाशी बसून टक लावून बघत राहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "पाग टाकतो गो तो. मनगट हाय त्याच्याकडं." पाग म्हणजे हातानं फेकायचं गोल जाळं. बाबांनी दुसऱ्या कुणाच्या पागाला बरं म्हटल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं.

ड्रायव्हर साताऱ्याकडचा, धरणाच्या कामावर यंत्र शिकलेला. बिऱ्हाड काळाचौकीच्या चाळीत. मी जाता-येता त्याला टोमणे मारायची. "ओ दादा, एवढा चिखल खाता, पोट नाही का दुखत?" तो हसून म्हणायचा, "ताई, खातोय तो डबा. मला आपली भाकरीच लागते."

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. अधूनमधून हरताळ पडायचा, आणि पडला की गिरणगाव असा गप्प व्हायचा की आपल्याच पावलांची भीती वाटावी. त्या दिवशी तसाच कडकडीत हरताळ होता. कोळीवाड्यातले बहुतेक गडी मोर्च्याला गेले होते. यंत्राला हात लावायचा नाही अशी शपथ ड्रायव्हरनंही चाळीतल्यांबरोबर घेतली होती. पण उधाणाचे दिवस, पाणी ओंडक्यांखालची माती नेईल या काळजीनं तो नुसता राखण करत बसला होता.

बाबा आठवडाभर बाहेर समुद्रावर होते, आदल्या रात्री भरती असताना परतून दुसऱ्याच्या होडग्यातून काठाला आले होते. त्यांची होडी नेहमीच्या जागी खाडीत नांगरलेली. दुपारी ओहोटीला ते तिच्याकडे निघाले. चिखलातली ती वाट कुणाला दिसायची नाही, ती खुणांवर चालायची. काठाकडे तोंड करून बघितलं की गिरणीचं उंच धुराडं आणि देवळाचा कळस एका रेषेत यायला हवेत. त्या रेषेखाली शिंपल्यांचा जुना थर होता, पाय घोट्याच्या वर जात नसे. आजोबांनी बाबांना दाखवलेली वाट. बाबा चार पावलं टाकत, मागं वळून खुणा बघत, पुन्हा चालत.

मी काठावर जाळं विणत होते. वर बघितलं तर बाबा बुटके दिसले. पुन्हा बघितलं तर आणखी बुटके. मग लक्षात आलं की ते चालत नाहीयेत.

झालं होतं असं, की ते समुद्रावर असताना यंत्रानं नेमका त्या वाटेवरचा थर उचलला होता आणि खड्ड्यात बाजूचा पातळ गाळ उतरला होता. उधाणाच्या पाण्यानं तो सारखा केला. वरून रंग तोच, सपाटी तीच. धुराडं आणि कळस आपापल्या जागी होते, पायाखालचं मात्र गेलं होतं. वाट दिसतच नव्हती, तर ती मोडल्याचं ड्रायव्हरला तरी कुठून कळणार?

मी ओरडत चिखलात शिरले. ड्रायव्हरनं दंड धरून मला मागं ओढलं. होड्या सगळ्या चिखलात बसलेल्या, फळ्या तिथवर पुरणाऱ्या नव्हत्या, आणि भरती लागली होती. बाबा कमरेपर्यंत आत. हातपाय झाडले की आणखी खाली जातो हे त्यांना ठाऊक, म्हणून हात पसरून गप्प उभे. ड्रायव्हरनं एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा दांड्याकडं, आणि जाऊन इंजिन चालू केलं.

त्या शांततेत तो आवाज रे रोड स्टेशनापर्यंत गेला असेल. हरताळवाले धावत आले, "बंद कर, बंद कर" करत. एकाच्या हातात दगड. मी आडवी आले आणि बाजारात शिकलेली एकूण एक शिवी त्यांना दिली. मग त्यांना बाबा दिसले. दगडवाल्यानं दगड खाली ठेवला, टाकला नाही.

बाबा दांड्याच्या टोकाच्याही पुढं होते. म्हणजे डबा फेकायलाच हवा होता. हातभर जरी चुकला असता तर संपलंच. ड्रायव्हरनं डबा खेचला, क्षणभर धरला आणि सोडला. तो आमच्या डोक्यावरून गेला आणि बाबांच्या शेजारी पडला. चिखल उसळला, बाबा दिसेनासे झाले. मग चिखलाचं एक डोकं हललं आणि एका हातानं डब्याची साखळी धरली.

"ओढा!" मी किंचाळले.

"ताई, आता ओढलं तर मामांचं वरचंच अंग येईल," तो म्हणाला. "पाणी आत झिरपू दे. चिखलाची पकड सुटली की मगच."

बाबांनीही तळहात वर धरला होता, थांब म्हणून. यंत्राचा आणि बाबांचा एकमेकांशी तंटा, पण पाण्याबद्दल दोघांचं एकमत झालं होतं. पाणी छातीला आलं. गळ्याला आलं. हनुवटीला पाणी लागलं तेव्हा बाबांनी तळहात खाली घेतला.

ड्रायव्हरनं उचलायचा दोर जरासा ताणून धरला, म्हणजे दात रुतणार नाहीत, डबा नुसता घसरेल. दुसऱ्या दोरानं तो ओढू लागला, इतक्या सावकाश, की डबा हलतोय हे आधी पाण्यावरून कळलं. एका घासात गाडीभर चिखल उचलणारं ते धूड माझ्या बापाला असं आणत होतं, जसं आपण निजलेलं पोर एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतो. मी देवळात हात जोडले आहेत, पण तसे नाही. लोखंडाला आणि त्यामागच्या त्या दोन हातांना मी त्या दिवशी मनापासून हात जोडले.

बाबा काठावर आले, खोकले, जगले. घरी आईनं घागरीवर घागर ओतली तेव्हा ते एकच बोलत होते, "धुराडं बरोबर होतं. कळस बी बरोबर होता." त्यांना बरं वाटावं म्हणून आई हो हो म्हणत राहिली.

दुसऱ्या दिवशी होडी हलवणं भाग होतं. ओहोटीला बाबा काठावर गेले. मी मागं उभी होते. ड्रायव्हर यंत्रातून उतरून खाली आला. माझे बाबा, ज्यांना त्या चिखलानं बोट धरून चालायला शिकवलं होतं, त्यांनी मुंडासं काढून हातात घेतलं आणि त्या परक्या माणसाला विचारलं, "पाय कुठं टाकू?"

तो बोटानं दाखवत गेला. बाबांनी धुराड्याकडं की कळसाकडं एकदाही बघितलं नाही. ते त्याच्या बोटाकडं बघून पाऊल टाकत होते, आणि मला आदल्या दिवशी आलं नव्हतं एवढं रडू तेव्हा आलं.