शेवभाजीतलं तिखट

मुक्ताईनगरला हायवेवर आमचा लॉज होता, खाली जेवण आणि वर खोल्या. स्वयंपाक करणाऱ्या अक्कांची मुलगी आणि मी तिथेच वाढलो. माझं तिच्यावर प्रेम आहे हे मी तिच्याखेरीज सगळ्यांना सांगून बसलो होतो.

तिला बघायला धुळ्याचे पाहुणे आले, ते आमच्याच लॉजवर उतरले. शेवभाजी शिजत ठेवून ती साडी नेसायला गेली, तेवढ्यात मी भगोन्यात वाटीभर लाल तिखट ओतलं. तिच्या हातचं खाऊन पाहुणे पळतील, असा माझा बेत. खानदेशात जन्मूनही ही अक्कल मलाच सुचावी.

मुलाच्या वडिलांनी घाम पुसत पुन्हा भाजी मागितली. "अक्का, पोर आमले पसंत शे," ते म्हणाले. "आमना घर असंच तिखट लागस."

ताटं उचलताना तिने उरलेली भाजी बोटाने चाखली आणि माझ्याकडे पाहिलं.

"एवढं तिखट टाकण्यापेक्षा तोंडाने बोलला असतास."

"आता बोलू?"

"आता आईने साखर वाटली."

वऱ्हाडही आमच्याच लॉजवर उतरलं. नवरदेवाच्या खोलीतली गादी मीच झटकली. तो भला माणूस मला सारखा भाऊ म्हणत होता.