जोशी मॅडमची एकुलती चिप

आमच्या लॅबमध्ये जळालेला पार्ट फेकत नाहीत. तो काचेच्या बरणीत जातो, सोबत जाळणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी. जुने लोक भेटायला आले की कुणीतरी बरणी हलवतं आणि किस्से सुरू होतात. सध्या दुसरी बरणी भरत आलीय. पण त्यातले सगळ्यात भारी किस्से एकाच कामाचे.

काम पुण्याच्या जोशी मॅडमचं. दोन वर्षं खपून त्यांनी स्वतःची एक चिप बनवली होती. तिला ०.९ व्होल्ट लागायचे, थोडे जरी जास्त गेले तरी खलास. बाकीचे नमुने दुसरीकडे जळून गेले, चालणारा एकच उरला. बारा व्होल्टचे ०.९ करून त्या चिपला देणारा बोर्ड आम्ही बनवत होतो. तोवर चिपच्या जागी एक डमी लोड, म्हणजे चिपइतकाच करंट ओढणारा खोटा भार.

आम्ही म्हणजे आमचे हेड वानखेडे सर, मी आणि शेख चाचा. चाचा मूळ पैठणचे. आधी पंपाच्या मोटारी रिवाइंड करायचे, मग आमच्याकडे चिकलठाण्याला टेस्टिंगला आले. इंग्रजी वाचता येत नाही, पण स्कोपच्या पडद्यावरची व्होल्टेजची रेघ अशी वाचतात की आम्ही दोघं इंजिनिअर बघतच राहतो.

*

पहिली चिठ्ठी माझीच. पूर्वी व्होल्टेज सेट करायला स्क्रू फिरवायचे, आता लॅपटॉपवरून आकडा पाठवायचा. टेबलावर दोन बोर्ड होते. मी १.८ पाठवले ते शेजारच्या बोर्डाऐवजी मॅडमच्या बोर्डाला! डमीतून धूर निघाला.

व्होल्टेज जास्त झालं की बोर्ड बंद करणारं ओव्हरव्होल्टेज प्रोटेक्शन गप्प का बसलं, तर त्याची मर्यादा सेट केलेल्या आकड्याबरोबर वर सरकते. मी आकडा वाढवला, मर्यादाही वाढली. आकडा कितीही वाढला तरी न सरकणारी वरची पक्की लिमिट टाकायला मी विसरलो होतो.

चाचा म्हणाले, "मालकच बोलला, येऊ दे आत. मग वॉचमन कशाला अडवंल?"

*

बोर्ड चालू होताना, लॅपटॉपवरून आकडा येण्याआधी किती व्होल्ट द्यायचे, हे बोर्डाचं व्होल्टेज सांभाळणाऱ्या कंट्रोलरच्या पायाशी लावलेल्या बारक्या रेझिस्टरवरून ठरतं. सरांनी मेन सप्लाय बंद करून तो बदलला. व्होल्टेज जिथल्या तिथं. पुन्हा बदलला, तरी तेच. अर्धा दिवस ते डेटाशीटमध्ये डोकं घालून बसले.

चाचा चहा घेऊन आले. कंट्रोलरचा स्वतःचा छोटा सप्लाय वेगळा होता, तो चालूच राहिला होता. चाचांनी तो बंद करून परत चालू केला आणि व्होल्टेज बदललं.

"सर, ह्यो हजेरी एकदाच घेतो. आल्या आल्या."

*

मग सरांनी प्रोटेक्शन इतकं कडक सेट केलं की लोड कमी झाल्यावर व्होल्टेज क्षणभर जरासं उसळतं, तेवढ्यानंही बोर्ड ट्रिप व्हायचा. मॅडम पहिल्यांदा बघायला आल्या त्या दिवशी तो पाच वेळा बंद पडला. सर दर वेळी म्हणायचे, "बघा, प्रोटेक्शन चालतंय." पाचव्यांदा मॅडमनी विचारलं, "आणि बोर्ड कधी चालणार?"

*

चाचांना एक गोष्ट पटत नव्हती. व्होल्टेज जास्त झालं की कंट्रोलर बारा व्होल्ट आत सोडणारा वरचा स्विच बंद करतो हे ठीक, पण जमिनीला जोडणारा खालचा चालू का करतो? सर म्हणाले, जास्तीचं व्होल्टेज जमिनीत ओढून काढायला. चाचांनी स्वतः बाहेरून जास्त व्होल्टेज देऊन पाहिलं. स्कोपवर रेघ जरा वर चढली आणि सरळ खाली कोसळली. डोळ्याची पापणी लवायच्या कितीतरी आधी.

चाचांनी ते सात-आठ वेळा केलं. मग टोपी काढून टेबलावर ठेवली.

"आमचा फ्यूज स्वतः मरून सांगायचा. ह्याला मरायची गरजच नाय," ते म्हणाले. मलाही त्या दिवशी पहिल्यांदाच कळलं, की मी रोज केवढ्या मोठ्या गोष्टीला हात लावतो.

*

शेवटी चिप बसवायचा दिवस आला. मॅडमनी ती छोट्या डबीतून आणली होती आणि डबी पूर्ण वेळ हातातच धरली होती. सगळ्या टेस्ट पास. सर म्हणाले, बसवू या.

चाचांनी हात वर केला. चिपपाशी किती व्होल्ट पोचले, ते कंट्रोलर एका बारीक तारेतून बघतो. चाचांनी त्या तारेवर बोट ठेवलं.

"व्होल्टेज बघणारा आणि जास्त झालं का बघणारा, दोघं ह्याच तारेतून बघतात का?"

सर हो म्हणाले.

"मंग ही तुटली तर?"

सरांनी सर्किटचा कागद पुढे ओढला. मॅडमकडे पाहून चाचा म्हणाले, "डमी लावलेलीच हाय. तोडून बघू?"

मॅडमनी मानेनंच हो म्हटलं. चाचांनी बोर्ड चालू ठेवूनच कटरनं तार तोडली.

कंट्रोलरला शून्य दिसलं, म्हणून तो व्होल्टेज वाढवत सुटला. प्रोटेक्शनलाही शून्यच दिसत होतं. फटकन आवाज झाला आणि डमीचे दोन तुकडे टेबलावर पडले.

मग मॅडम उठल्या, ती डबी चाचांच्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "चाचा, मी पुण्याला जाते. ही तुमच्याकडे राहू दे. तुम्हाला खात्री वाटेल तेव्हा बसवा."