मंगरूने वाट चुकवली नव्हती

या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी नेहमी हसून बाजूला ठेवत आलो. फौजेत आयुष्य काढलेल्या माणसाला हे पटत नाही. आजही पटत नाही... पण वय अठ्ठ्याहत्तर, आणि माझं एक खोटं दुरुस्त करायचं राहिलं आहे.

एकाहत्तरच्या लढाईत मी पूर्व सीमेवर नाईक होतो. आमचा स्काउट – सर्वांच्या पुढे जाऊन वाट तपासणारा – गडचिरोलीकडचा गोंड जवान, मंगरू. गस्तीच्या दिवशी साबण नाही, तेल नाही, बिडी नाही, हा त्याचा नियम. वाऱ्यावर वास जातो म्हणायचा. त्या सकाळी मी घरून आलेलं चमेलीचं तेल डोक्याला लावलं. उंच गवतात मंगरू सरपटत मागे आला, कानाशी कुजबुजला, "नाईकसाब, तेल लावलं काय? तुमी मांगं राहा."

मी म्हटलं, "गप चाल."

दहा मिनिटांत गोळ्या आल्या. मंगरू गेला, आणखी दोघे गेले. रिपोर्टात मी लिहिलं – स्काउटने वाट चुकवली. तेलाचं कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही.

यंदा मे महिन्यात कामठीला माजी सैनिकांचा मेळावा होता. सकाळचे अकरा. मांडवात एक म्हातारी थेट माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"मी मंगरूची बहीण." मग माझ्या टकलाकडे बघून, "आता कुठं लावतं गा तेल?"

मी तिला मांडवाच्या कडेच्या बाकावर बसवलं, शेजारी बसलो.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मंगरूनं. औंदा मोहफुलं वेचून राहिली होती मी, तवा. म्हणे, कामठीले जा, तो तिथं भेटते."

"शिव्या दिल्या असतील मला."

"त्यानं नाही देल्ल्या. मी देऊन राहिली. गाव अजून म्हणते, तुमच्या मंगरूनं दोन पोरं मारले. कागद लिहून दे."

तिथेच बाकावर बसून लिहिला – वाट बरोबर होती, चूक माझी. तसाच एक फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसलाही पाठवला आहे. उत्तर नाही.

तिला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं. ती थोडी सरकली, आमच्या दोघांच्या मध्ये एका माणसाची जागा केली.

"आता परत वाच," म्हणाली. "जोरानं."

त्या जागेत कोणी नव्हतं. तिला तेलाचं कसं कळलं, मला आजही सांगता येत नाही.

मी वाचलं.