साळ्याच्या बुलेटच्या स्प्रिंगा

कुलदीपचं गॅरेज पांढुर्ण्यात, सौंसर रोडवर. जुन्या बुलेट त्याच्याकडे टेम्पोत पडून येत आणि फटफटत परत जात. माणूस कामाचा, पण डोकं गरम. एकदा एका गिऱ्हाइकाने त्याला चोर म्हटलं, तर त्याने त्या गिऱ्हाइकाच्याच गाडीची टाकी हातोड्याने चेपली. मग आठवडाभर बसून तीच टाकी आतून ठोकून ठोकून सरळ केली. माफी मात्र मागितली नाही.

बायको पूनम सावरगावची. जाम नदीचा पूल ओलांडला की तिचं माहेर. पोळ्याला साळा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ वैभव, कुलदीपच्या घरी पुरणपोळी खायला यायचा आणि दुसऱ्या दिवशी दोघं नदीच्या दोन काठांवर उभे राहायचे. हा पांढुर्ण्याकडून, तो सावरगावकडून. गोटमारीत, म्हणजे दोन गावांच्या दगडफेकीच्या त्या खेळात, नातं पाहत नाहीत म्हणतात, पण हे दोघं पाहायचे. एकमेकांवर गोटा टाकायचा नाही, हे कधी बोलून ठरलं नव्हतं. ठरलेलं मात्र होतं.

बिघडलं ते बुलेटवरून. गाडी सासऱ्यांची, नत्थूजींची, जुन्या लोखंडी इंजिनाची. वैभवला ती बोरगावच्या सपाट रस्त्यावर पोरांच्या शर्यतीत पळवायची होती. कुठूनतरी मोठ्या उचलीचा कॅम मिळवून तो गॅरेजात आला. कुलदीपने कॅम बसवला आणि वॉलच्या, म्हणजे इंजिनातल्या झडपांच्या, स्प्रिंगांपाशी थांबला.

"भाऊजी, ह्या जुन्याच राहू द्या न," वैभव म्हणाला.

"नाही चालत. हा कॅम वॉलले जास्त खोल ढकलते. मंग तेवढ्याच घाईनं स्प्रिंगनं त्याले वरतं ओढाले पायजे. ह्या थकल्या आहे. गाडी पळाली का वॉल मागं राहून जाते, अन् खालून पिस्टन येऊन हाणते त्याले."

"मंग बाजारातली सगळ्यात कडक टाका."

"कडक टाकली त कॅमले खाऊन टाकते. अन् पुरी दबल्यावर वेटोळ्यावर वेटोळं टेकलं, त वॉल ढकलणारी दांडी वाकते नाही त तुटते. मोजून घ्या लागते, बावा. नागपूरले जाऊन आणतो."

"शर्यत रविवारी आहे."

"मंग पुढच्या रविवारी पळ."

इंजिन हाताने फिरवून फटी मोजायच्या म्हणून कुलदीपने जुन्या स्प्रिंगा तात्पुरत्या आत ठेवल्या आणि नागपूरला गेला. मागे वैभव आला. घरून बहिणीकडून गॅरेजची चावी घेतली, पेट्रोल टाकलं, कीक मारली. गाडी चालू झाली. तिचा आवाज इतका भारी होता की त्याला भाऊजी उगाच भाव खाऊन राहिले असं वाटलं.

बोरगावला तो सगळ्यांच्या पुढे होता. मग इंजिनातून डब्यात गोटे हलवल्यासारखा आवाज आला. वॉलचं डोकं तुटून पिस्टनवर पडलं, मागचं चाक जागच्या जागी जाम झालं, आणि गाडीने वैभवला डांबरावर फेकून वरून घासत नेलं. डावा हात दोन ठिकाणी मोडला. खांद्याची कातडी रस्त्यावरच राहिली. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर मित्रांनी विचारलं, काय झालं बे? चूक आपली म्हणायला त्याची जीभ उचलली नाही. तो म्हणाला, "भाऊजीनं इंजिन खराब करून ठेवलं होतं."

चौथ्या दिवशी भर दुपारी ते मित्र सळया घेऊन गॅरेजात आले. पहिला फटका ड्रिल मशीनवर पडला, दुसरा कुलदीपच्या पाठीवर. त्याने सायकलची चेन उचलून एकाचा गाल फाडला, दुसऱ्याला लोखंडी व्हाइसवर आपटलं. पण तिसऱ्याने मागून डोक्यात सळई घातली. तो पडल्यावर त्यांनी बुटांनी बरगड्या मोडल्या. तोंडात ऑइल आणि रक्त भरलेलं असताना त्याला दारातून रस्ता दिसला. तिथे गळ्यात हात अडकवून वैभव उभा होता. पाहत होता. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "बस झालं. चला."

बरगड्यांचं दुखणं कुलदीपने सोसलं. ते बराच वेळ पाहणं त्याला सोसेना.

नत्थूजी समजूत घालायला आले. "जवाईबापू, पोरगं चुकलं. चावी त्यानंच नेली, मले पूनमनं सांगितलं. मी त्याच्या वतीनं हात जोडतो."

"तुम्ही नका जोडू, मामाजी. ज्याचे हात आहे त्याले पाठवा."

वैभव आला नाही. नत्थूजींनी आणून टाकलेली मोडकी बुलेट गॅरेजच्या मागे पोत्याखाली पडून राहिली. पोळा आला. पूनमने पुरण शिजवलं, पण माहेरून कोणी जेवायला आलं नाही.

"उद्या नदीवर जाऊ नका," ती म्हणाली.

"जाईन."

"मले तुमचं तोंड दिसून राहिलं. ते गोटमारीचं तोंड नाही."

दुसऱ्या दिवशी नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवलेलं, त्यावर झेंडा, तो तोडेल ते गाव जिंकणार, आणि दोन्ही काठांवर माणसंच माणसं. चंडीमातेचा जयघोष झाला आणि आभाळातून गोटे पडू लागले. कोणाचं कपाळ फुटलं, कोणाला चौघांनी उचलून नेलं, त्याच्या जागी दुसरा आला. कुलदीप गुडघाभर पाण्यात उतरला. एक गोटा मांडीवर बसला, एक कानाला चाटून गेला. त्याने झेंड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो पलीकडे माणूस शोधत होता.

वैभव झाडाच्या मागे सापडला. डावा हात अजून गळ्यात, उजव्या हाताने फेकत होता. कुलदीपने पाण्यातून एक गोल, जड गोटा काढला. त्याच वेळी वैभवची नजर त्याच्यावर पडली. त्याने हात खाली घेतला. आपल्यावर येणार नाही, याची त्याला अजूनही खात्री होती.

कुलदीपने फेकला.

गोटा जबड्यावर बसला. आवाज एवढ्या गलक्यात ऐकू येणं शक्य नव्हतं, पण कुलदीपला तो ऐकू आला. वैभव तोंडावर पाण्यात पडला. सावरगावच्या पोरांनी त्याला केसांना धरून बाहेर ओढलं तेव्हा तोंडातून दात आणि रक्त एकत्र गळत होतं. भोवतालचे पांढुर्ण्याचे लोक ओरडले, "वा, कुलदीप, वा!" कोणीतरी पाठ थोपटली. बरगड्यांतून कळ गेली आणि तो काठाकडे वळला.

तो घरी पोचण्याआधी कलाबाईंचा, सासूबाईंचा फोन पोचला होता. पूनम पिशवी भरून दारात उभी होती.

"पाह्यलं म्हणे त्यानं तुमच्याकडे. हात खाली केला म्हणे. तरी मारलं?"

"हाव."

त्याने दुसरं काही सांगितलं असतं तर ती भांडली असती. ती पिशवी उचलून पूल ओलांडून निघून गेली.

नंतरचे दिवस कुलदीपने गॅरेजचं शटर अर्धं ओढून काढले. लोक गोटमारीच्या गप्पा मारायला येत. तो त्यांना हाकलून देई. एका सकाळी त्याने बुलेटवरचं पोतं फेकलं आणि इंजिन उघडलं. पिस्टनला भोक, वॉलचा तुकडा इंजिनाच्या डोक्यात रुतलेला. तो तुकडा त्याने पकडीने उपटला, तेव्हा त्याला पाण्यात पडलेलं तोंड आठवलं. कॅम मात्र शाबूत होता. पिस्टन आणि वॉल त्याने नवे आणले.

नागपूरहून आणलेल्या स्प्रिंगांच्या तीन जोड्या अजून कागदातच होत्या. बुलेटला दुहेरी स्प्रिंग. बाहेर जाड, तिच्या पोटात बारीक. ड्रिल मशीन मोडकं होतं, तेच ठोकून सरळ केलं. खाली वजनकाटा ठेवला, त्यावर स्प्रिंग, आणि मशीनच्या दट्ट्याने तिला वॉल बंद असतानाच्या उंचीपर्यंत दाबून काटा पाहिला. मग वॉल पुरता उघडल्यावर राहते त्या उंचीपर्यंत. सगळ्यात कडक जोडीने काटा असा उडवला की त्याने ती तिथेच बाजूला टाकली. कडकपणात तिच्या खालोखालच्या जोडीचा जोर बरोबर होता, पण पुरती दाबल्यावर वेटोळ्यांत वाराही शिरेना. तिसरी जोडी थोडी नरम निघाली. तिच्याखाली पातळ चकती टाकली, तसा जोर वाढला आणि वेटोळ्यांत फट मोजायची पत्ती सरकण्याएवढी जागाही उरली. तरी त्याचं समाधान होईना. कॅम फिरवून फिरवून तो तीच फट पुन्हा मोजत राहिला. ह्या गाडीवर पुन्हा तोच माणूस बसणार होता.

गाडी टेम्पोत टाकून तो भर दिवसा सावरगावात शिरला. गल्लीत त्याला ओळखणारे सगळेच होते. एक गोटा टेम्पोच्या काचेवर आला, दुसरा त्याच्या खांद्यावर. तो थांबला नाही. सासऱ्यांच्या दारात त्याने गाडी उतरवली.

वैभव आतून आला. जबडा तारेने बांधलेला, गालाची एक बाजू बसलेली. त्याला बोलता येत नव्हतं. त्याने मूठ वळली आणि कुलदीपच्या बरगड्यांत, नेमक्या मोडलेल्या जागी हाणली. मग तोंडावर. मग पुन्हा बरगड्यांत. कुलदीपचा हात आपोआप वर गेला. त्याने तो बुलेटच्या सीटवर नेऊन तिथेच आवळून धरला. नाकातून रक्त येऊन शर्टावर सांडलं. कलाबाई किंचाळल्या. नत्थूजी मध्ये आले नाहीत. वैभव दमला तेव्हाच थांबला, आणि भिंतीला टेकून रडला. बांधलेल्या तोंडाने रडताना त्याला श्वास घेता येईना, तेव्हा पूनमने त्याचं डोकं धरून ठेवलं.

"स्प्रिंगा बदलल्या," कुलदीप म्हणाला. "पळव. काही होत नाही."

मग पूनमकडे वळला. "चालतेस?"

"इंजिन जुळलं म्हणून मी नाही येत," ती म्हणाली.

ती आली ती दिवाळीनंतर, स्वतःच्या मनाने, आणि आल्यावरही कितीतरी दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलली. पुढच्या वर्षी गोटमारीला तो नदीवर गेला नाही असं सांगितलं तर बरं वाटेल. पण तो गेला. काठावर रिकाम्या हातांनी उभा राहिला, आणि पांढुर्ण्याने झेंडा तोडला तेव्हा सगळ्यांबरोबर ओरडलाही.

त्या हिवाळ्यात एक दिवस बुलेट गॅरेजसमोर येऊन थांबली. वैभव उतरला. जबडा तिरका जुळला होता, त्यामुळे शब्द एका बाजूने येत.

"इंजिनाचे टॅपेट वाजून राहिले."

"ठेव. उद्या ये."

"नाही," वैभव म्हणाला, "बसतो इथंच." त्याने स्टूल ओढलं आणि कुलदीपचे हात इंजिनात जाताना पाहत बसला.