बॉथेलमधली रानरेड्याची बंदूक

आधी हातातला चहा खाली ठेवा. मागे एका मैत्रिणीला हे सांगत होते तर तिच्या नाकातून चहा आला, आणि माझी फजिती राहिली बाजूला, सगळे तिचीच पाठ चोळत बसले!

तर मागच्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या आमच्या बॉथेलमध्ये अस्वल आलं. खरंखुरं. शेजारच्या कॅरलच्या डोअरबेल कॅमेऱ्यात दिसलं. काळं, गुबगुबीत, रविवारी सकाळी दूध आणायला निघालेल्या काकांसारखं निवांत. कॉलनीच्या ग्रुपवर सगळ्यांनी त्याला प्रेमाचे लाल बदाम पाठवले. मी दाराला कडी घातली, मग त्या दाराला खुर्ची लावली.

घाबरू नको तर काय करू? आमची रमा तीन वर्षांची. डे-केअर बंद, त्यामुळे दिवसभर डेकच्या, म्हणजे मागच्या लाकडी ओट्याच्या, काचेला नाक लावून उभी. आणि नवरा, अमेय, नेमका आठवडाभर ऑस्टिनला निघालेला.

"अगं, ब्लॅक बेअर भित्रे असतात. पातेलं वाजवलं की पळतात."

"कुठलं पातेलं?"

"कुठलंही!"

बघा हं. हा माणूस राइस कुकर घेताना तीन आठवडे रिव्ह्यू वाचतो. आणि बायको-मुलीच्या जिवाला काय, तर 'कुठलंही पातेलं'!

तो गेला आणि मी एक्सेल शीट उघडली. बंदुकीशी माझा आजवरचा संबंध म्हणजे दिवाळीतल्या टिकल्या. पण रिसर्च हे आमच्या घरचं कुलदैवत. 'धोकादायक प्राणी, भरवशाची रायफल' असं शोधलं. इंटरनेट काही विचारत नाही हो, की बाई, प्राणी केवढा? ते थेट आफ्रिकेत घेऊन गेलं. तीन दिवसांत मला कळलं की बोल्ट-अ‍ॅक्शनच घ्यावी, म्हणजे दर गोळीला हाताने दांडा ओढायची, त्यात बिघडण्यासारखं कमी असतं. काडतूस पंज्यात धरून आत नेणारी असावी, म्हणजे ऐन वेळी अडकत नाही. हे सगळं लिहिणारे लोक अंगावर आलेल्या रानरेड्यासमोर उभे राहून आलेले होते. मी शीटमध्ये आणखी दोन रकाने वाढवले : 'वॉरंटी' आणि 'पुसायला सोपी?'

डे-केअर अजून बंदच, म्हणून रमाला स्ट्रोलरमध्ये घालून दुकानात गेले. काउंटरमागे सत्तरीचा वॉल्ट. छातीपर्यंत पांढरी दाढी.

"काय दाखवू?"

मी पाठ करूनच गेले होते. "बोल्ट-अ‍ॅक्शन. कंट्रोल्ड फीड, पुश फीड नको. पॉइंट थ्री सेव्हन फाइव्ह. एक्स्ट्रॅक्टर रुंद हवा."

वॉल्टने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"रानरेडा?" त्याने हळूच विचारलं. "टांझानिया?"

इथे मी म्हणायला हवं होतं, 'नाही हो, आमचं परसदार.' पण खरं सांगू? नऊ वर्षांत या देशात माझ्याकडे कोणी इतक्या आदराने पाहिलं नव्हतं. ऑफिसच्या मीटिंगमध्ये माझं अख्खं नावसुद्धा कोणी घेत नाही. मी म्हटलं, "अजून ठरायचंय."

झालं! दुकानातली आणखी दोन गिऱ्हाइकं जवळ सरकली.

"जखमी झाला तर वळून येतो, बरं का," एक म्हणाला.

"हो, वाचलंय मी."

"किती अंतरावरून मारणार?" दुसऱ्याने, टोपीवाल्याने, विचारलं.

मी मनातल्या मनात डेकचं दार ते कचऱ्याचा डबा मोजलं. "बारा फूट."

टोपीवाल्याने टोपी काढून हातात घेतली.

वॉल्टने कपाट उघडून रायफल आणली आणि माझ्या हातांत दिली. चांगली साडेचार किलोची! रमा जन्मली तेव्हा याहून हलकी होती, आणि तिला धरायलाही मला नर्स लागली होती. तेवढ्यात स्ट्रोलरमधून आवाज आला,

"मम्मा, इज दॅट फॉर द बेअर?"

"हो बाळा."

"द वन हू ईट्स आजोबाज् डिनर?"

वॉल्ट वाकून म्हणाला, "कोणाचं जेवण?"

आता हे मी तुम्हाला आधी सांगितलं नाही, कबूल. पण त्या क्षणापर्यंत याचा त्याच्याशी काही संबंध आहे हे मलाच कुठे ठाऊक होतं? पितृपक्ष चालू होता. नाशिकहून सासूबाईंचा हुकूम : परदेशात आहात म्हणून ह्यांना उपाशी ठेवू नका. म्हणून मी रोज दुपारी डेकचं दार किलकिलं करायची, कावळ्यांसाठी पान ठेवायची आणि धावत आत येऊन मीटिंगला बसायची. वरण-भात, तूप, भजी, खीर. अर्ध्या तासात पान लख्ख! मी फोनवर मिरवायची, "आई, कावळे लग्गेच शिवतात हो!" आणि रमा रोज सांगायची, "बेअर केम." मी म्हणायची, "हो का? छान!" तिच्या टेडीलाही ती बेअरच म्हणते ना!

रमाने त्याला सांगून टाकलं की मम्मा रोज बाहेर ताट ठेवते. "म्हणजे," वॉल्ट सावकाश म्हणाला, "तुम्ही अस्वलाला रोज जेवायला घालता आणि आता बंदूक घ्यायला आलात?"

"अस्वलाला नाही! कावळ्यांना!"

"कावळ्यांना कशासाठी?"

"सासऱ्यांसाठी."

"ते कुठे असतात?"

"वारले."

टोपीवाल्याने टोपी परत घातली.

वॉल्टने माझ्या हातातून रायफल काढून घेतली, झोपलेलं बाळ उचलावं तशी. "मॅडम, तुम्हाला बंदूक नको. ताट आत घ्या, डेक धुवा, कचऱ्याचा डबा गॅरेजमध्ये ठेवा. आपोआप जाईल."

मी मान खाली घालून घरी आले आणि डेक व्हिनेगरने घासला. पुढचे दोन दिवस अस्वल आलं, हुंगलं, आमच्या दाराकडे बघत उभं राहिलं. मी आतून सगळी पातेली वाजवली. एकही न निवडता! तिसऱ्या दिवशी आलं नाही. मी रात्री पहिल्यांदा खुर्ची काढून झोपले.

राहिल्या सासूबाई. त्यांना सांगायला मात्र बंदुकीपेक्षा जास्त हिंमत लागली. बिचाऱ्या पंधरवडाभर समाधानात होत्या. पण खोटं किती दिवस बोलणार?

"आई, ते पान... कावळे नव्हते खात. अस्वल खात होतं."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मला वाटलं, रडतात की काय.

"रोज?"

"रोज."

"तुझी खीरसुद्धा?"

"चाटूनपुसून."

"तरीच!" त्यांनी मोठा सुस्कारा सोडला. "तू केलेलं सगळं संपतंय म्हणालीस ना, तेव्हापासून माझ्या मनात येतच होतं, की हे काही आमचे हे नव्हेत."