मामंजींच्या अमेरिकन तबकड्या

आमच्या सासूबाईंच्या धाकट्या भावाइतकं लोकांचं भलं करायला टपलेलं माणूस साऱ्या वऱ्हाडात दुसरं झालं नसेल, आणि त्यांच्याइतकं चारचौघांत आम्हाला खाली बघायलाही कोणी लावलं नसेल. नात्याने माझे मामेसासरे, म्हणून मी मामंजी म्हणायची. अकोल्याच्या एका जिनिंगात कापसाच्या गाड्या तोलायचं त्यांचं काम. एक अमेरिकन पाद्री मायदेशी परत जाताना घरचं सामान विकून गेला, तेव्हा लोकांनी खुर्च्या घेतल्या, कपाटं घेतली. मामंजींनी चावीचा फोनो, म्हणजे ग्रामोफोन, आणि पेटीभर तबकड्या घेतल्या. तिकडच्या खेड्यापाड्यांतली गाणी होती ती. नाकातून गाणारे गडी, रडवेलं फिडल, म्हणजे तिकडचं व्हायोलिन, आणि बँजो नावाचं एक वाद्य, टिनावर तुरी ओतल्यासारखं वाजणारं. मामंजींना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण तबकडीवरच्या नुसत्या ओरखड्यांवर बोट फिरवून कोणती तबकडी ते सांगायचे.

बरं, स्वतः ऐकून गप्प बसावं की नाही? तर नाही. वैद्याने नाडी बघून पुडी द्यावी, तशी ते माणूस बघून तबकडी द्यायचे. शेजारणीचं सुनेशी वाजलं, की म्हणणार, "याच्यात दोन फिडली भांडतेत, अन् शेवटी एकीत एक मिसळतेत. दोघीयले जवळ बसवा, मी लावून देतो." आमच्या ह्यांचं पोट बिघडलं, त्यावरही बँजो! एकदा भातकुलीला नात्यात कोणी वारलं म्हणून आम्ही भेटायला गेलो, तर हे फोनो घेऊन दारात हजर. मेलेल्याच्या मुलाला म्हणतात, "बाप गेला तुया, मले समजते. पन हे आयक. हा मानूस लय सबुरीनं गाते." मी पदर तोंडावर ओढून घेतला, बायकांना वाटलं मी रडून राहिले. बडनेरा स्टेशनाहून टांग्यात, मांडीवर फोनो धरून येताना ते दिसले, की अमरावतीच्या आमच्या गल्लीतल्या बायका मला हाक मारायच्या, "घ्या व माय, आले तुमचे डाक्टर!"

मग माझ्या नणंदेचं, कुसुमचं लग्न निघालं. मामाचा मान मोठा, नाही कसं म्हणायचं? सासूबाईंनी भावाला एवढंच बजावलं, "बापू, एकच लाव, अन् चांगलं लाव." नवरदेवाकडची पंगत बसली. मामंजींनी पेटीतली सगळ्यात आनंदी तबकडी निवडली, भाड्याने आणलेल्या भोंग्याचा माइक फोनोपुढे धरला, आणि बँजो असा उधळला की वाढणाऱ्यांचे पाय आपोआप पळायला लागले. व्याही खुशीत मान डोलवत होते. पण नवरदेवाचे काका कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. त्यांचा बुंदीचा घास हातातच राहिला. "अहो, बंद करा ते! हा आपल्या बायकोला फिरायला म्हणून नदीवर नेतो आणि बुडवतो! आता तिचे केस पाण्यावर तरंगतायत!"

सारी पंगत काकांकडे बघायला लागली. भोंगा मात्र मजेत. व्याह्यांनी हात आखडला. "उठा रे सारे. अपशकुन हाय हा." भरल्या पानावरून पाहुणे उठले, तर सोयरीक कशी टिकायची? मामंजींनी फोनो बंद केला, टोपी काढली आणि पानापानापुढे वाकत चालले. "मले इंग्रजी येत नाही हो. गोड वाजते म्हनून लावलं. पोरीवर राग नोका काढू." एवढ्या वयाचा माणूस, मला लाजेने मान वर करवेना. शेवटी विहीणबाईच नवऱ्यावर कडाडल्या, "बसा खाली! आतापर्यंत मुंडकं कोन हालवून राहिलं होतं? म्या पाह्यलं." कोणीतरी फिसकन हसलं, आणि पंगत पुन्हा पानाला लागली.

कुसुम पुढे सुखात नांदली. मामंजींनी मात्र त्या दिवसापासून कुणाला तबकडी सांगितली नाही. कोणी गमतीने विचारलंच, "मामा, खोकल्यावर कोनती?" तर कानकोंडे होऊन दुसरीकडे बघायचे. आणि नवल असं, की दर रविवारी ते पेटी घेऊन त्याच प्रोफेसरांच्या घरी जायला लागले. तो भला माणूस एकेक तबकडी ऐकून अर्थ सांगायचा. सगळी पेटी संपली, तेव्हा मामंजी एकदा आमच्याकडे अमरावतीला आले. मी चहा दिला. कप हातात तसाच धरून म्हणाले, "सूनबाई, कोनाची माय मेली, कोनाचं घर सुटलं, कोनाले गाडीनं दूर नेलं. सारे रडूनच राहिले होते व. अन् म्या लोकायले त्याच्यावर ताल धरायले लावला."

मला म्हणायचं होतं, मामंजी, इतकं दुःख ज्यांनी इतकं गोड वाजवलं, त्यांनाही कोणी ताल धरावा असंच वाटत असेल. पण सासरच्या वडीलमाणसापुढे असं बोलायची तेव्हा रीत नव्हती.

"चहा निवून राहिला, मामंजी," एवढंच मी म्हटलं.

त्यांनी तो बशीत ओतला, आणि उगाच फुंकर घालत बसले.