पाणी डाव्या हाताला

तळ्याकाठच्या सहलींचं मला मुळीच कौतुक नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून लोणावळ्यात उभा जन्म गेला. दर रविवारी गाडीतून उतरून माणसं डबे घेऊन तळ्याकडे निघालेली बघितली की माझ्या कपाळाला अजून आठी पडते. मी स्वतः तळ्याला फेरी घालायला एकदाच गेले होते आणि तीही अर्धी टाकून आले.

तळं कसलं, कंपनीचं धरणच ते. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून डोंगरातलं खोरं अडवलं आणि पाण्याखाली गावं गेली. त्यातलं एक माझ्या आईचं. तिची माणसं वरच्या उतारावर नवी वाडी करून राहिली. धरणाची भिंत चढत होती तेव्हा तिथे ओव्हरसियर होते ते माझे सासरे, म्हणजे आमचे मामंजी. लग्न ठरलं तेव्हा मामानं तळेगावला माझ्या वडिलांकडे एवढाच निरोप धाडला, की त्या घरच्या मांडवात मी पाय ठेवणार नाही. तो लग्नाला आला नाही. वर्षाच्या आत वडीलही गेले. आई माझ्या लहानपणीच गेली होती. आता माहेर म्हणायला तो एक मामाच उरला होता, आणि आई गेल्यापासून त्यानं माझं तोंडही बघितलेलं नव्हतं.

त्या कार्तिकात मला तिसरा महिना लागला. सासूबाईंना कळताच त्या म्हणाल्या, "आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करतात. तुझं माहेर कुठं आहे ते शोधून ठेव." हे बोलताना त्या शांतपणे शेंगा फोडत होत्या. सासरी बाळंत झालेल्या सुनेला तिथे जन्मभर काय ऐकावं लागतं ते मी धाकट्या चुलत सासूबाईंच्या बाबतीत बघत होते. पुण्याहून नणंदेचे सासरे आणि नवरा आले, आणि मामंजींनी त्यांना घेऊन तळ्याला फेरी घालायची ठरवली, तेव्हा म्हणूनच डबे उचलायला मी आपण होऊन पुढे झाले. वाट मामाच्या वाडीवरून जाते हे मला ठाऊक होतं.

सकाळी धरणावरून निघालो. मामंजी पुढे, हातात छत्री. देवाला घालतात तशी प्रदक्षिणा घालू या, पाणी उजव्या हाताला ठेवू, असं त्यांनीच सुचवलं. व्याह्यांना ते फार आवडलं. तसा या काठाचा रस्ताही बरा होता. पलीकडचा काठ लांबचा, काट्याकुट्याचा, चार ओढ्यांत उतरून चढायचा. वाटभर मामंजी "माझी भिंत", "माझं तळं" करत होते. पाणी कुठे किती खोल आहे ते छत्रीच्या टोकानं दाखवत होते. एका ठिकाणी म्हणाले, "इथे खाली एक खेडं होतं. किरकोळ." माझे यजमान माझ्याकडे बघायचं टाळून डब्याची कडी घट्ट करत राहिले.

दुपारी वाडी लागली. मामा ओट्यावर चऱ्हाट वळत बसला होता. आईसारखं रुंद कपाळ, म्हणून ओळखला. आम्ही काठाकाठानं येताना त्यानं लांबूनच बघितलं असणार. मावळात दारी आलेल्याला आधी गूळ-पाणी देतात, मग नाव-गाव विचारतात. मामा जागचा उठला नाही.

"पाहुणे आणलेत," मामंजी म्हणाले. "पाणी तरी विचारा."

"कुनीकडनं आलासा?"

"धरणावरून. प्रदक्षिणा घालतोय. उजवी."

मामानं चऱ्हाट खाली ठेवलं. "द्येव हाय व्हय तितं?" तो म्हणाला. "पाव्हणं, त्या पान्याखाली आमचा गाव मेलाय. मेल्याला उजवी घालत्यात का? सरनाला माणूस उलटा फिरतो. आमी हितली माणसं पानी डाव्या हाताला ठिऊनच जातो. लांब पडलं तरी."

"अडाणीपणा आहे," मामंजी हसून व्याह्यांना म्हणाले. "अहो, या पाण्यावर मुंबईच्या गिरण्या चालतात."

"चालू द्या की. आमच्या चुली इझल्या."

मामंजी पुढे काय बोलले ते मी ऐकलं नाही. मामा उठून घरामागे गोठ्याकडे गेला आणि मी त्याच्या मागे गेले. सुनेनं असं जाणं शोभत नव्हतं, पण शोभेचा मला त्या घटकेला वीट आला होता.

"मामा, मी तुमच्या बहिणीची," मी म्हटलं. "मला तिसरा महिना आहे. वैशाखात कुठं जाऊ?"

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. डोळ्यांत माया नव्हती, निदान मला दिसली नाही. म्हणाला, "त्यांच्या संगट उजवी घालून आलीस. तुला आय शिकवून न्हाई गेली?"

"मी पाच वर्षांची होते."

तो बराच वेळ गव्हाणीतली वैरण सारखी करत राहिला. मग म्हणाला, "आलीस त्याच वाटंनं उलटी जा. पानी डाव्या हाताला. म्हंजी आज आलीच न्हाईस, आसं धरतो. चैतात गाडी धाडीन."

मी पुढे आले आणि मामंजींना सांगितलं की मी इथून मागे फिरते आहे. त्यांनी आधी समजुतीनं, मग दटावून, मग व्याह्यांसमोर जमेल तेवढं दात खाऊन सांगून बघितलं. मी डबा खाली ठेवला आणि निघाले. यजमान वाटेत मधोमध उभे राहिले. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा वडिलांच्या छत्रीकडे, आणि डबा उचलून छत्रीच्या मागे गेले. पुढे आम्ही चांगला संसार केला, पण तो राग माझ्या मनातून गेलेला नाही.

मी एकटी उलटी चालत आले. पाय भरून आले होते, ओटीपोट दुखत होतं, आणि मी मामंजींना, कंपनीला, यजमानांना आणि मामालाही मनातल्या मनात यथेच्छ शिव्या दिल्या. धरणावर ते लोक माझ्यामागून पोचले. त्या दिवसापासून मामंजी माझ्याशी बोलेनासे झाले. मी समोर उभी असले तरी "तिला सांगा" म्हणून सासूबाईंकडे निरोप द्यायचे.

चैत्रात गाडी आली. मामा स्वतः आला नाही. "उगवलं बाई माहेर," म्हणून सासूबाईंनी माझी ओटी भरली. वैशाखात वाडीवर मुलगा झाला. मामीनं सगळं केलं. मामा माझ्याशी बेताचंच बोलायचा, पण बाजेखालची शेगडी विझू देत नसे.

बाराव्या दिवशी ओट्यावरून मला छत्री दिसली. मामंजी एकटेच येत होते, पलीकडच्या लांबच्या काठानं, पाणी डाव्या हाताला ठेवून. धोतराला काटे लागलेले, चेहरा घामानं निथळत होता. "रस्त्यावर खडी टाकताहेत, म्हणून इकडून आलो," ते कोणाकडेही न बघता म्हणाले. खडी कोणी टाकत नव्हतं. ते मामालाही माहीत होतं.

मामानं घोंगडी अंथरली. नातू त्यांच्या मांडीवर दिला. मग आत जाऊन गुळाचा खडा आणला आणि पुढे ठेवला. मामंजी तांब्याची वाट बघत थांबले.

"पानी न्हाई देत," मामा म्हणाला. "तुमच्यापाशी लय हाय."

मामंजींनी गूळ कोरडाच खाल्ला.